आजारपणात आपल्या गावची माणसे कोणत्या दवाखान्याची वाट धरतात, आणि का?

आर्णीकडचा

नमस्कार. हा धागा काढण्याचे कारण घरातलेच आहे. मागच्या कार्तिकात, कापसाची वेचणी जोरात असताना, माझे काका संध्याकाळी वावरातून परतले ते छाती चोळतच. त्यांचे वय ६२. त्यानंतरच्या १९ तासांत आम्ही त्यांना चार दारांवर नेले. पहिले, तालुक्याहून फटफटीवर येणारे आमच्या गावचे नेहमीचे डॉक्टर. दुसरे, तालुक्यातला एक खाजगी दवाखाना. तिसरे, तेथून चिठ्ठी घेऊन गाठलेले एक मोठे खाजगी रुग्णालय. चौथे, यवतमाळचे सरकारी रुग्णालय. काका वाचले. परंतु तेथील डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले की रक्ताची गाठ विरघळवणारे औषध पहिल्या बारा तासांतच द्यावे लागते, त्यातही जितके लवकर तितके बरे, आणि ती वेळ आमच्या हातून निघून गेली होती. आता काका दोन पायऱ्या चढले की थांबतात.

घरी परतल्यावर मी काकू, चुलतभाऊ आणि शेजारचे दोघे यांना एकेक करून विचारले की आपण त्या त्या दारावरच का गेलो. दोष काढायचा नव्हता, समजून घ्यायचे होते. जी उत्तरे मिळाली त्यांतले एकही मूर्खपणाचे नव्हते, आणि त्यामुळेच मी जास्त अस्वस्थ झालो.

पहिले दार का? संध्याकाळी सात वाजता गावात हजर असणारा तो एकच डॉक्टर होता, तो घरी येतो, आणि औषधासकट जे पैसे होतात ते कापसाचा चुकारा आल्यावर दिले तरी चालतात. शिवाय काकांना पित्ताचा त्रास आहे हे त्याला ठाऊक होते. त्याने पित्ताचेच इंजेक्शन दिले. दुसरे दार का? चुलतभावाच्या मेव्हण्याची तेथील कंपाउंडरशी ओळख होती, म्हणजे नंबर लावून ताटकळावे लागणार नव्हते. तिसरे दार दुसऱ्याने दाखवले. चौथ्या दारावर आम्ही गेलो ते तिसऱ्याने मागितलेली आगाऊ रक्कम आमच्याकडे नव्हती म्हणून.

आणि ९ किलोमीटरवरचे प्राथमिक आरोग्य केंद्र? त्याचे नावही कोणी काढले नाही. काकूंचे उत्तर असे होते : "चार वर्षांमागे नातवाला ताप होता तेव्हा रात्री गेलो होतो, कुलूप होते." एका रात्रीच्या त्या कुलपाने आमच्या सबंध घरासाठी ते केंद्र चार वर्षे बंद ठेवले.

आपापल्या भागात ही निवड कशी होते, ते आपण सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

धानपट्टा

दादा, काकांची प्रकृती सांभाळा. आमचा भाग गोंदिया जिल्ह्यातला, धानाचा. आमच्याकडे निवडीचा प्रश्न सर्वांत उघडा पडतो तो रोवणीच्या दिवसांत, साप चावल्यावर. दिवसभर चिखलात वाकून थकलेली माणसे रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात आणि मण्यार झोपेतच चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही आणि सूजही जवळजवळ येत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, तोवर घरच्यांना वाटत असते की रात्रीचे जेवण बाधले. अशा वेळी कोणाकडे जायचे हा प्रश्न पडण्याआधीच काही तास गेलेले असतात.

मांत्रिकाकडे लोक का जातात, याचा मी बराच विचार केला आहे. एक तर तो हाकेच्या अंतरावर असतो. दुसरे म्हणजे त्याच्याकडून माणसे खरोखर बरी होऊन परततात, कारण चावणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात जातेच असे नाही. ही माणसे कोणीही काही केले नसते तरी वाचलीच असती, पण यश मांत्रिकाच्या नावावर जमा होते. जो दगावला त्याच्याबद्दल "आणायला उशीर केला" असे म्हटले जाते. दवाखान्यात मात्र गंभीर झालेलाच माणूस पोहोचतो, त्यामुळे तेथील मृत्यू लोकांच्या लक्षात राहतात.

आमच्या गावातील बदल भाषणांनी झाला नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस जवळच्या आरोग्य केंद्रात आहे, आणि तिने गावातलीच एक मुलगी वाचली. हे सर्वांनी पाहिले. आता आमचा मांत्रिक स्वतःच गाडी बोलावतो, गाडी येईपर्यंत मंत्र म्हणतो आणि रुग्णाबरोबर बसून जातो. मला यात काहीही गैर वाटत नाही. ओळखीचे माणूस सोबत आहे म्हणून घाबरलेला रुग्ण निदान पळत नाही, आणि सर्पदंशात पळापळ टाळणे हेही महत्त्वाचेच आहे.

अमरावतीचा वाचक

मला हे सर्व वाचून वाईट वाटते, तरीही स्पष्ट लिहितो. मूळ कारण अज्ञान आहे. लोक दुखणे अंगावर काढतात, मग भोंदूकडे जातात आणि शेवटी सरकारला दोष देतात. सरकारी सेवा मोफत असताना कर्ज काढून खाजगीत जाण्याला दुसरे काय म्हणावे? जनजागृती वाढवणे हाच उपाय आहे असे माझे मत आहे.

सेलू तालुक्यातील आशा

वाचकदादा, मी वर्धा जिल्ह्यात सोळा वर्षे आशा म्हणून काम करते. जनजागृती हेच माझे काम आहे, म्हणून आपल्याला नम्रपणे सांगते की माहिती असूनही माणूस निघत नाही, अशी उदाहरणे मी दर आठवड्याला पाहते.

"अंगावर काढणे" हा आपला शब्द घेऊ. माझ्या वॉर्डातील एका बाईला पांढरे जाण्याचा त्रास तीन वर्षे होता आणि तिला सर्व माहिती होती. पण दवाखान्यात जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. सोबत नवरा किंवा सासू हवी, म्हणजे मजुरी दोघांची बुडते. काय झाले हे घरात उघड बोलावे लागते, आणि तपासायला पुरुष डॉक्टर असतील की बाई, हे तेथे पोहोचल्याशिवाय कळत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आढळला होता आणि त्यापूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. उरलेल्या सगळ्या बायकांना आपण अज्ञानी म्हणू का? त्यांच्यासाठी निवडायला दारच नव्हते.

बाळंतपणाचे चित्र मात्र माझ्या डोळ्यांसमोर पालटले. मोफत प्रसूती, आणायला-सोडायला १०२ ची गाडी, सोबत आम्ही. सासूबाईंचा विरोध कसा गेला ते मी पाहिले आहे. उपदेशाने नव्हे, पहिल्या सुनेला घेऊन जी सासू आरोग्य केंद्रात आली, तिला नर्सबाईंनी बसायला खुर्ची दिली, चहा विचारला आणि "आजी, तुमच्या वेळी कसे झाले?" म्हणून गोष्टी काढल्या. त्या सासूने नंतर गल्लीतील चार सुना पाठवल्या. याच्या उलटही घडते. एका मुलीला कळा सुरू असताना तेथील कोणीतरी टाकून बोलले, तर त्या वाडीतील बाया पुढची दोन वर्षे तेथे गेल्या नाहीत, कर्ज काढून शहरात गेल्या. बाईमाणूस खर्च विसरते, पण त्या वेळी कोण काय बोलले ते विसरत नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

मी वाशीम आणि बुलडाणा जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करून निवृत्त झालो. आर्णीकडील मित्रांनी कुलपाचा उल्लेख केला. ते केंद्र माझे नव्हते, पण असे कुलूप मीही पाहिले आहे, म्हणून त्याचे समर्थन करणार नाही. ते का लागते एवढे सांगतो.

नियमाप्रमाणे सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. डॉक्टरांची पदे दोन असली तरी पुष्कळदा एकच माणूस कामावर असतो. त्याने सकाळी बाह्यरुग्ण पाहायचे, दुपारी उपकेंद्रांना भेट द्यायची, तालुक्याच्या बैठकीला जायचे, शवविच्छेदन करायचे आणि रात्रीच्या प्रसूतीसाठीही उपलब्ध राहायचे. निवासस्थान गळके असेल आणि मुलांची शाळा शहरात असेल, तर तो मुक्कामी राहत नाही. मग रात्रीचा भार एका नर्सबाईंवर येतो आणि त्या दुसऱ्या प्रसूतीत गुंतल्या असतील तर बाहेरचे दार बंद दिसते. गावकऱ्यांच्या दृष्टीने बंद दार म्हणजे बंद दवाखाना, आणि त्यांचे चुकत नाही.

आता सुईविषयी, म्हणजे इंजेक्शनविषयी. आमच्याकडे येणारा मजूर म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, गोळ्या नकोत, सुई द्या, उद्या वेचणीला जायचे आहे." सुरुवातीला मला याचा राग येत असे. नंतर उमगले की तो औषध मागत नव्हता, उद्याचा दिवस मागत होता. आमच्या गोळीने ताप तीन दिवसांत उतरेल. गावातील डॉक्टर सुई देतो, कित्येकदा त्यात स्टेरॉइड असते, आणि माणसाला संध्याकाळपर्यंत हुशारी वाटते. ही हुशारी खोटी आहे. त्यामुळे जंतुसंसर्ग झाकला जातो आणि मधुमेह असल्यास साखर भडकते. पण वेचणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी खरी असते. त्यातून त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे असे नाव होते, आणि "हातगुण" हा आपल्याकडे कोणत्याही पदवीपेक्षा मोठा दाखला आहे.

खर्चाचे बोलायचे तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतात बाळंतपण वगळता एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,२९० रुपये होता आणि खाजगीत सुमारे २७,३४७. सहापटीहून अधिक फरक असूनही माणूस खाजगीत जातो, तेव्हा तो नेमके काय विकत घेतो, हे आम्ही सरकारी डॉक्टरांनी स्वतःला विचारले पाहिजे. माझ्या मते तो खात्री विकत घेतो. गेल्यावर कोणीतरी असेल, पाहील आणि नाव विचारील, एवढीच ती खात्री.

काकांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. छातीत दुखून घाम येत असेल तर कोणत्याही ओळखीच्या दवाखान्याचा विचार न करता १०८ लावावे. २०१४ पासून महाराष्ट्रात ही सेवा आहे, गाडीत डॉक्टर असतो, आणि थेट सोय असलेल्या रुग्णालयात नेता येते. मधली दोन दारे टळतात.

आर्णीकडचा

डॉक्टरसाहेब, १०८ आम्हाला माहीत आहे. त्या संध्याकाळी ती का लावली नाही हेही मी काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "ती गाडी आली की गावाला वाटते माणूस गेला." सायरन वाजवत दारात गाडी उभी राहणे म्हणजे घराचे काहीतरी संपले, अशी ती भावना आहे. शिवाय ती गाडी कोठे नेईल हे आपल्या हातात नाही, आणि नेलेल्या ठिकाणाहून परत कसे यायचे हा प्रश्न उरतोच. भाड्याची बोलेरो चुलतभावाच्या मित्राची होती, ती थांबली असती.

डॉक्टरसाहेबांचे "खात्री" हे उत्तर वाचून मला २०१७ चा फवारणीचा हंगाम आठवला. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. आमच्या गावातील दोघांना चक्कर आणि डोळ्यांची आग होत होती, पण ते दोन दिवस घरीच राहिले, कारण फवारणीनंतर थोडे गरगरणे ही नेहमीची गोष्ट मानली जात होती. म्हणजे कोठे जायचे या निवडीच्या आधी आणखी एक निवड असते : हे दुखणे आहे की नाही. ती माणूस बहुधा एकटाच करतो, वावरात, कोणाला न विचारता.

मेळघाटातील शिक्षिका

थोडक्यात लिहिते. आमच्याकडे कोरकू कुटुंबे प्रथम भूमकाकडे, म्हणजे त्यांच्या पारंपरिक वैद्याकडे जातात. लेकराचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देण्याची प्रथा, ज्याला येथे डंबा म्हणतात, अजून पूर्णपणे गेलेली नाही आणि ती थांबलीच पाहिजे. याबाबत माझ्या मनात कोणतीही तडजोड नाही. परंतु भूमका आईशी कोरकूत बोलतो, आणि दवाखान्यात तिला प्रश्न मराठीत किंवा हिंदीत विचारले जातात. माझ्या वर्गातील एक मुलगी आजीसाठी दुभाषी म्हणून दवाखान्यात गेली होती. नऊ वर्षांच्या मुलीने आजीच्या लघवीच्या त्रासाचे भाषांतर करायचे, हे त्या दोघींनाही किती अवघड गेले असेल. आता काही भूमका स्वतःहून लेकरे आरोग्य केंद्राकडे पाठवतात. धानपट्टा यांनी लिहिले तसेच येथेही घडत आहे.

वैनगंगेपलीकडचा

शिक्षिकाताईंच्या भाषेच्या मुद्द्याला गडचिरोलीतून जोड देतो. शोधग्राम येथील रुग्णालय उभारताना आदिवासींना विचारूनच त्याची रचना ठरली. वॉर्ड मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखे बांधले, रुग्णासोबत घरच्यांना राहता येईल असे, आणि नाव दिले ते त्यांच्याच दंतेश्वरी देवीचे. लोक तेथे का जातात याचे उत्तर त्या रचनेतच आहे, असे मला वाटते.

पण येथे नदीही निवड करते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि पलीकडची गावे पलीकडेच राहतात. त्या दिवसांत गरोदर बाईला कळा सुरू होण्याची वाट पाहून चालत नाही. आदिवासी भागातील काही आरोग्य केंद्रांजवळ "माहेरघर" आहे, तेथे बाळंतपणाच्या काही दिवस आधी येऊन राहता येते. सोय चांगली आहे, तरीही ऐन शेतीच्या हंगामात घर, कोंबड्या, बकऱ्या आणि मोठे लेकरू कोणावर सोपवायचे, या प्रश्नावर पुष्कळ जणी अडतात. लहान मुलाला सोबत ठेवता येते हे आधी सांगितले, तर बाई येते. नाही सांगितले, तर घरीच थांबते आणि मग खाटेची कावड करून चार जणांना तिला उचलून आणावे लागते.

सेवाग्रामच्या वाटेवरचा

मी यवतमाळ जिल्ह्यातील रुग्णांसोबत वर्ध्याला बरीच वर्षे ये-जा करतो. आमच्या भागातील माणूस दुखणे मोठे आहे असे कळले की जिल्हा ओलांडून सेवाग्रामला किंवा सावंगीला जातो, चंद्रपूरचेही जातात, तेलंगणातूनही येतात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला होता. ज्या घराने कोठारातली ज्वारी दिली, ते घर त्या रुग्णालयाला आपले मानते, आणि ते नाते नातवंडांपर्यंत पोहोचलेले मी पाहिले आहे.

पैशांविषयी दोन गोष्टी लिहितो, कारण येथेच फसगत होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे आहेत, त्यामुळे नागपूरच्या "मेडिकल"ला किंवा "मेयो"ला काही शुल्क द्यावे लागले की माणूस म्हणतो, "मोफत म्हणाले होते." एकदा असे वाटले की त्याचा पुढच्या घोषणेवरही विश्वास बसत नाही.

दुसरे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती नोंदणीकृत रुग्णालयातच आणि ठरलेल्या उपचारांनाच लागू होते. शिधापत्रिकेवर बाईचे नाव माहेरचे आणि आधारवर सासरचे असेल, तर काउंटरवर अर्धा दिवस जातो. माझी विनंती आहे की सर्वांनी धडधाकट असतानाच ही नावे जुळवून घ्यावीत, आणि भरती होताना पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला भेटावे. आर्णीकडच्या दादांना तिसऱ्या दारावर हे कोणी सांगितले होते का?

आर्णीकडचा

नाही. आगाऊ रक्कम सांगितली गेली, योजनेचा शब्द कोणी काढला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. शिधापत्रिका घरी पेटीत होती.

अमरावतीचा वाचक

आशाताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. "अज्ञान" हा शब्द मी मागे घेतो. माझ्याच आईने गुडघेदुखी सहा वर्षे सांगितली नव्हती, कारण मला सुट्टी काढावी लागेल असे तिला वाटत होते, आणि आम्ही तर शहरात, रुग्णालयापासून दोन किलोमीटरवर राहतो. एक प्रश्न आहे : गावकऱ्यांना आरोग्य केंद्राकडे जाब विचारण्याचा काही मार्ग आहे का?

सेलू तालुक्यातील आशा

आहे. प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते आणि गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. आपल्या अमरावती जिल्ह्यात तर २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली होती. गावकरी स्वतः केंद्राची पाहणी करून चांगले, मध्यम, वाईट असे रंग देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडत. समितीच्या बैठकीला एखादी तरी बाळंतीण किंवा तिची सासू बोलवा, एवढे माझे सांगणे आहे. औषधे कोणती संपली आणि रात्री कोण होते, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

ताईंच्या म्हणण्याला दुजोरा देतो. माझ्या एका केंद्रात समितीतील एका आजींनी हट्ट धरला म्हणून रात्रपाळीच्या नर्सबाईंचे नाव आणि केंद्राचा फोन क्रमांक बाहेरच्या भिंतीवर, दिव्याखाली लिहू लागलो. दार लावलेले असले तरी आत कोण आहे हे कळू लागले. रात्रीचे रुग्ण वाढले, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही जागे राहणे भाग पडले.

आर्णीकडचा

भिंतीवरच्या नावाचे वाचून मी परवा रात्री साडेआठला आईला घेऊन आमच्या आरोग्य केंद्रात गेलो. आईचे डोके दोन दिवसांपासून दुखत होते. दार लोटलेले होते, कुलूप नव्हते. नर्सबाईंनी रक्तदाब पाहिला, तो १७० निघाला. त्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारले, एक गोळी तेथेच दिली, आईला अर्धा तास बसवून पुन्हा मोजला आणि सकाळी डॉक्टरांना दाखवायला बोलावले. सकाळी महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. काकांच्या गोळ्यांपैकी दोन तेथेच मिळू शकतात हेही तेव्हा कळले. आजवर आम्ही त्या तालुक्यातून विकत आणत होतो.

भिंतीवर नाव लिहिण्याचे मी तेथे सुचवले आहे, आणि समितीच्या पुढच्या बैठकीला काकू येणार आहेत.

आज सकाळी पारावर तिघांनी मला थांबवले. आईला काय झाले होते हे कोणीच विचारले नाही. तिघांचाही प्रश्न एकच होता : "रात्री किती वाजता गेला होतास, आणि आत कोण होते?"